हो म्हणणारा नातेवाईक

अभिमन नानांनी एसटीत तेहेतीस वर्षं कंडक्टरकी केली. त्यांचं म्हणणं असं की तिकीट काढणं हे त्यातलं दुय्यम काम. मुख्य काम माणूस ओळखण्याचं. धुळ्याहून अमळनेरला निघालेल्या गाडीत अनोळखी माणूस चढला की तिकिटाला चिमटा मारता मारता नाना विचारत, कोन गावना? मग कुणाच्या घरचे, आजोळ कुठलं, बहीण कुठे दिली. तिसरा थांबा यायच्या आत त्या माणसाची नानांशी किंवा नानांच्या कुणाशी तरी सोयरीक निघालेली असे. सोयरीक निघाली नाही असा प्रवासी त्यांना सबंध नोकरीत एकच भेटला, आणि तो गुजरातचा पोलीस होता.

निवृत्त झाल्यावर नाना जळगावला मुलाकडे राहायला आले. मी दोन गल्ल्या सोडून राहत होतो. जिल्हा परिषदेत आवक-जावक बारनिशीवर माझी नोकरी झाली. म्हणजे आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि गेलेल्या कागदालाही नंबर द्यायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायची गरज नसते, आणि मी ती सवय लावूनही घेतली नव्हती. आता मीही निवृत्त, म्हणजे आम्ही दोघं रिकामे होतो. त्यातच अठ्ठ्याण्णव साली भिकनने नव्या पेठेच्या मागे सायबर कॅफे काढला. सहा कॉम्प्युटर, प्लायवूडचे सहा खण, प्रत्येकाला पडदा. चपला बाहेर काढाव्या लागत.

मुलाने नानांना तिथं नेलं ते नातवाचा निकाल बघायला. निकाल दिसला नाही, पण नानांना चॅट रूम दिसली. 'खानदेश कट्टा' असं तिचं नाव. पुण्याच्या होस्टेलमधली पोरं, सुरतेला गेलेले, मस्कतचे, दुबईचे, आणि अमेरिकेतला एकजण, जो पहाटे उठून वांग्याच्या भरताची आठवण काढायचा. सगळे मराठी लिहीत, पण इंग्रजी अक्षरांत. नाना एका बोटाने टाइप करत. मी शेजारच्या खुर्चीवर बसून कुठं काय दाबायचं ते सांगायचो.

पंधरा दिवसांत नानांनी त्या खोलीची एसटी करून टाकली. नवा माणूस आला की पोरं लिहीत, आधी नानांकडून तिकीट घे. मग नाना विचारत, कोण गावचे? दहा मिनिटांनी नाना जाहीर करत की माणूस आपलाच आहे, आणि पोरं त्याच्याशी बोलायला लागत. खोटी नावं घेऊन येणारे पुष्कळ असतात असं भिकनने सांगितलं होतं. मुलगी म्हणून मुलगा येतो, मुलगा म्हणून म्हातारा येतो. त्यातला शेवटचा प्रकार मला माहीत होता, कारण मी स्वतः तिथं 'रवी, वय अठ्ठावीस' होतो. नाव-वयाच्या चौकटीत काहीतरी भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. नाना मात्र 'नाना कंडक्टर, वय बासष्ट, मूळ अमळनेर, मुक्काम जळगाव'. सगळ्या खोलीत खरा माणूस तेवढा एकच, आणि तपासणीचं काम त्याच्याकडे.

नानांच्या शेजारी शेवंताबाई राहत. अंगणवाडीत काम करायच्या, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगी वच्छला, तेवीस वर्षांची, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून कट्ट्यावर ती 'वर्षा' होती. त्या कट्ट्यावर तिला हेमराज भेटला. मूळ फैजपूरचा, मस्कतला इंजिनिअर. तीन महिने रोज संध्याकाळी बोलणं चाललं. चोरून काही नव्हतं. वच्छलाने आईला सांगितलं आणि आईने नानांना. नानांनी हेमराजला रीतसर तिकीट दिलं. घरचे लोक चांगले, बागाईतदार, आत्या धुळ्याला देवपुरात दिलेली. शेवंताबाईंना घरात विचारायला दुसरा पुरुष माणूस नव्हता. नानांचा शब्द हीच त्यांची चौकशी.

मार्चमध्ये हेमराजने कळवलं की तो सुट्टीवर येतोय. शुक्रवारी वर्षाने धुळ्याला यावं. आत्याच्या घरी भेट होईल, आत्याही बघेल. स्टँडवर जीप पाठवतो. तिनं एकटीनंच यावं, कारण आईसोबत आली की बघण्याचा कार्यक्रम होतो आणि त्याला ते जुनाट वाटतं. वच्छलालाही ते पटलं. तिला बघायला येऊन पोहे खाऊन गेलेल्यांची संख्या तोवर सात झाली होती.

मंगळवारी सकाळी शेवंताबाईंनी मला बोलावलं. नानांनी हेमराजची जी तपासणी केली होती, तिचा कागद भिकनकडून छापून आणून नानांनी त्यांना दिला होता, सर्टिफिकेट म्हणून. बाईंनी तो देवाजवळ ठेवला होता. पण अक्षरं इंग्रजी, त्यांना वाचता येईना. म्हणाल्या, भाऊ, पोरगी जातेय तर एकदा वाचून तरी दाखवा.

मी वाचायला लागलो.

नाना: कोण गावचे?

हेमराज: फैजपूर.

नाना: फैजपूर म्हणजे केळीवाले असणार.

हेमराज: हो.

नाना: मोतीलाल अण्णांच्या घरचे की काय? रस्त्याला लागून बाग आहे ती?

हेमराज: तुम्ही ओळखता त्यांना?

नाना: ओळखतो म्हणजे काय. त्यांची बहीण धुळ्याला देवपुरात दिली. तुमची आत्या लागेल ती.

हेमराज: आत्याच.

असं दोन पानं. शेवंताबाई ऐकता ऐकता मान डोलावत होत्या. त्यांना घर दिसत होतं, बाग दिसत होती, आत्या दिसत होती. मला बारनिशी दिसत होती. त्या दोन पानांत आवक जवळपास नव्हतीच. फैजपूर हा एक शब्द त्याच्याकडून आला होता. बाग, अण्णा, आत्या, देवपूर, सगळं आमच्याकडून गेलेलं, जावक. आणि आता तेच देवपूर आणि तीच आत्या शिक्का मारून परत आली होती, आणि वच्छला तिकडे जायला निघाली होती.

हे प्रत्यक्ष चाललं होतं तेव्हा मी नानांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, हेही इथं सांगायला पाहिजे. मी म्हटलं होतं, वा नाना.

तडक नानांकडे गेलो. नाना ओट्यावर बसले होते, त्यांच्या पत्नी सुंदरबाई सुपात दादर ज्वारी निवडत होत्या. मी कागद पुढं ठेवून सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, तू जिल्हा परिषदवाला, तुले बठ्ठंच खोटं दिखस. मी म्हटलं, मग देवपूरला आत्याला विचारून येऊ. नानांना ते आवडलं नाही. सोयऱ्यांकडे जाऊन तुमचा भाचा खरा का, असं विचारायचं? नात्यात विचारपूस करतात, झडती घेत नाहीत. आणि त्यांचा मुख्य मुद्दा असा की खोट्या माणसाला एवढं सगळं हो म्हणताच येणार नाही. कुठंतरी तो अडखळेल. तेहेतीस वर्षांत आपल्यापुढं खोटं नातं कुणी टिकवून दाखवलेलं नाही.

यावर माझ्याकडे एक उत्तर होतं. ते मी सत्तावीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं आणि ते कधी काढावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

बहात्तर साली माझी बदली अमळनेरला झाली. धुळ्याला गाडीत चढलो तर उभं राहायला जागा नव्हती. मला दोन दिवस ताप होता. कंडक्टरने विचारलं, कोन गावना? आता हा प्रश्न मला लहानपणापासून अवघड जातो. माझे वडील सडकेच्या कामावर मुकादम होते. खडी पडेल तिथं तंबू. दर सहा महिन्यांनी तंबू पुढच्या मैलावर. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जे गाव जवळ होतं ते लिहून टाकलं. तिथं मी एकूण अकरा दिवस राहिलेलो आहे. एवढं सगळं भर गाडीत उभ्यानं कसं सांगायचं, म्हणून मी घुटमळलो. तेवढ्यात कंडक्टर माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, भोकरवाड्याच्या झुलाल आबांच्या घरचे का? कपाळ तसंच आहे.

मी हो म्हटलं.

कंडक्टरने स्वतःच्या जागेवरची पेटी उचलून मांडीवर घेतली आणि मला तिथं बसवलं. नानांची आत्या झुलाल आबांच्या भावकीत दिलेली होती, त्यामुळं मी आत्याकडचा झालो. झुलाल आबांचं सगळं घर तोवर सुरतेला गेलेलं, त्यामुळं मला खोटं पाडायला भोकरवाड्यात कुणी उरलं नव्हतं. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुंदरबाईंनी माझ्याकडे मांडे पाठवले. पुढं दर आखाजीला पाठवले. नानांच्या मुलाच्या लग्नात आत्याकडचा मान म्हणून मला टॉवेल-टोपी झाली. चौऱ्याऐंशी साली झुलाल आबा सुरतेला वारले, तेव्हा नाना मुद्दाम जळगावला येऊन सांगून गेले की तुला सुतक आहे. मी दहा दिवस दाढी केली नाही. ऑफिसात साहेबांनी चौकशी केली आणि मला खरोखर वाईट वाटायला लागलं.

सांगायचं अनेकदा मनात आलं. पण पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड असतं, आणि दहाव्या वर्षी ती सांगणं म्हणजे जवळजवळ गुन्हा. शिवाय मला ते नातं आवडायला लागलं होतं.

हे सगळं मी त्या मंगळवारी ओट्यावर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "नाना, झुलाल आबा माझे कुणी नव्हते."

सुंदरबाईंचा हात सुपात थांबला.

नाना माझ्याकडे वळले. मग विचारलं, "मंग सुतक?"

"पाळलं."

"आनि टॉवेल-टोपी?"

"आहे अजून. कपाटात. वापरली नाही."

"माले का बरं सांगं नही?"

"तुम्हीच विचारलं आणि तुम्हीच सांगितलं. मी फक्त हो म्हटलं, नाना. सत्तावीस वर्षांत मला एकदाही अडखळावं लागलं नाही. काही आठवलं नाही की मी गप्प बसायचो, आणि तुम्ही आठवण करून द्यायचा."

नाना उठले. टोपी घातली, चप्पल घातली आणि चालू लागले. मला ये म्हणाले नाहीत, येऊ नको असंही म्हणाले नाहीत. मी दहा पावलं मागून गेलो. भिकनच्या दारात त्यांनी चप्पल काढली, आपल्या नेहमीच्या खणात बसले आणि पडदा उघडाच ठेवला. हेमराज खोलीत होता. त्याने नमस्कार नाना असं लिहिलं.

नानांनी एका बोटाने लिहायला घेतलं. आमच्या पुना मामांची आठवण येते हो, तुमच्या आजीचे भाऊ, चिंचेजवळचं घर.

असा पुना मामा फैजपुरात, खानदेशात किंवा अन्यत्र कुठंही नव्हता. तो नानांनी त्याच क्षणी जन्माला घातला होता.

हेमराजने लिहिलं: हो नाना. पुना मामा फार मायाळू. लहानपणी मला खांद्यावर घेऊन बागेत न्यायचे.

नानांचं बोट जरा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी लिहिलं, बिचाऱ्यांचा उजवा हात यंत्रात गेला, तुमच्या जन्माआधीच.

हेमराज: हो ना. पण एका हाताने उचलायचे.

मी मागे उभा होतो. हसू आलं नाही. एक नसलेला माणूस एका हाताने एका नसलेल्या पोराला खांद्यावर घेऊन केळीच्या बागेतून चालला होता, आणि शुक्रवारी त्या बागेच्या भरवशावर आमच्या गल्लीतली मुलगी धुळ्याच्या गाडीत बसणार होती.

मग नानांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नसावं. त्यांनी लिहिलं, आता तुम्ही सांगा, फैजपूरच्या तुमच्या घराबद्दल काहीही सांगा. आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. त्यांना ते जड जात होतं, हे मानेवरून दिसत होतं. दोनदा बोट पुढं गेलं, दोनदा त्यांनी ते मागं घेतलं. स्क्रीनवर काही येईना. शेजारच्या खणातल्या पोराचं तासभराचं बोलणं संपलं, तो उठून गेला. शेवटी हेमराजने लिहिलं की लाइन खराब आहे, नंतर बोलू, वर्षाला शुक्रवारची आठवण द्या. आणि तो गेला.

"पाटी दखी आनि बठनूत आपन," नाना म्हणाले. पाटी बघून बसलो आपण. कंडक्टरच्या तोंडी याहून मोठी कबुली मी ऐकलेली नाही. गाडीची पाटी कुणीही बदलू शकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

वच्छलाला सांगणं सोपं गेलं नाही. ती म्हणाली की तो रोज विचारतो जेवलीस का, आईचं डोकं दुखायचं थांबलं का, आणि असं विचारणारा माणूस खोटा कसा असेल? नानांनी वाद घातला नाही. भिकनकडून छापून आणलेले दोन्ही कागद, जुना आणि आजचा, तिच्यापुढं ठेवले आणि म्हणाले, यात माझं बोलणं कुठलं आणि त्याचं कुठलं ते बघ. तिने पुना मामापर्यंत वाचलं. परत पहिलं पान काढलं. मग आत जाऊन आपली वही घेऊन आली. तिने त्याची काही वाक्यं वहीत उतरवून ठेवली होती. ती वही उघडून आमच्याकडे पाठ करून बसली. मग म्हणाली, "आईचं डोकं दुखतं हे मीच सांगितलं होतं." आणखी काही पानं उलटली. "पावसापेक्षा थंडी आवडते, हेपण मीच." शेवंताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिने झटकला नाही.

ती शुक्रवारी क्लासला गेली. नानांनी धुळ्याच्या स्टँडवरच्या लोटनला, त्यांच्या जुन्या जोडीदाराला, फोन करून लक्ष ठेवायला सांगितलं होतं. लोटनचा दुपारी फोन आला. गेटजवळ पांढरी जीप उभी होती, दोन माणसं, मस्कतची वाटत नव्हती. जळगावची गाडी आली का, असं रसवंतीवाल्याला दोनदा विचारून गेली. दोन वाजता जीप निघून गेली. कुणाची होती ते कळलं नाही. धुळ्याच्या स्टँडवर जीप उभी करणं हा काही गुन्हा नाही. लोटनने आणखी एक सांगितलं. देवपूरच्या त्या आत्या सहा वर्षांपूर्वीच गेल्या. नानांना कळवायचं राहून गेलं होतं.

हेमराज कट्ट्यावर परत आला नाही. निदान त्या नावाने आला नाही. वच्छला काही दिवसांनी पुन्हा कट्ट्यावर जायला लागली, पण आता ती उत्तरं देण्याआधी बराच वेळ घ्यायची. पोरांना वाटायचं लाइन हळू आहे.

नाना मात्र माझ्याशी बोलेनासे झाले. भिकनकडे गेलो तर ते दुसऱ्या खणात बसत. रस्त्यात दिसले तर मान हलवत, पण ती ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, नातेवाइकाला हलवतात तशी नाही. हा फरक मला खानदेशात येऊनच कळला होता. मी रवी हे नाव काढून टाकलं. त्याजागी काय लिहावं ते सुचेना म्हणून कट्ट्यावर जाणंच बंद केलं.

आखाजी आली. सकाळपासून दार उघडं ठेवून बसलो होतो, तसं काही कारण नव्हतं. दुपारी बारापर्यंत मांडे आले नाहीत. बरोबर होतं. आत्याकडच्यांना पाठवायचे असतात.

चारच्या सुमाराला नाना आले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी मला दिलं नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवलं. मी बाकावर सरकून जागा केली. नाना बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कोन गावना?" त्यांनी विचारलं.

मी सवयीने थांबलो. सत्तावीस वर्षं मी या ठिकाणी थांबत आलो होतो आणि नाना पुढचं बोलत आले होते. नाना बोलले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

मग मला सांगावं लागलं. सडक सांगितली, खडी सांगितली, तंबू सांगितला. दाखल्यावरचं अकरा दिवसांचं गाव सांगितलं. एका मैलाच्या दगडावर बसून मी पाढे पाठ केले होते, आणि तो दगड गाव म्हणून सांगता येईल का असं वडिलांना विचारलं होतं, ते सांगितलं. हे मी याआधी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण कुणी विचारून गप्प बसलं नव्हतं. मध्ये दोनदा नानांचं बोट गुडघ्यावर हललं, पण त्यांनी ते टोपीखाली सरकवलं.

मी संपवलं तेव्हा उन्हं कललेली होती.

"आजोळ?" नानांनी विचारलं, आणि पुन्हा गप्प.

आजोळ मला कधी आठवूनच बघावं लागलं नव्हतं. नानांनी मला एक दिलेलं होतं. आई लवकर गेली. कधीतरी भाकरी थापताना ती एका नदीचं नाव घ्यायची, एवढं होतं. ती नदी कुठं आहे ते मला माहीत नाही. ते नाव मी नानांना सांगितलं.

नानांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. ती नदी मला माहीत आहे, असं ते म्हणाले नाहीत. फडक्याची गाठ सोडायला लागले.